झेरॉक्स सुनेचा उखाणा

उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी जिथं उसाच्या बांधाला येऊन टेकतं, तिथल्या एका गावात नूरबी मणेर राहते. आपल्यावाचून पंचक्रोशीत लग्न लागत नाही असं ती स्वतःच सांगते आणि सांगताना जराही लाजत नाही. भटजी परगावचा चालतो, बँडवाले टेंभुर्णीहून येतात, आचारी कुणीही असो. पण नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा म्हटलं की नूरबीला निरोप जातो. मग ती काकणांची पेटी नवऱ्याच्या टेम्पोत ठेवते, पदर डोक्यावरून सारखा करते आणि वऱ्हाडापेक्षा जास्त तोऱ्यात लग्नघरी उतरते.

नूरबीच्या चुड्याबरोबर एक उखाणा मिळतो. तो विकत नसतो. नवरीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते नूरबीनं रचलेल्या ओळींतून, असा त्या भागातला रिवाजच पडून गेला आहे.

हे सुरू झालं ते एका रडणाऱ्या पोरीमुळं. नूरबी तेव्हा नवी होती, हात अजून बसायचा होता. पोरीच्या बोटांची पेरं जाड, त्यात माहेर सुटणार म्हणून रडून रडून तिनं हात लाकडासारखा ताठ केलेला. काकण अंगठ्याच्या हाडापाशी अडकलं, पुढंही जाईना आणि मागंही येईना. घरातल्या बाया साबण आणा, तेल आणा असा गलका करू लागल्या. नूरबीनं काही आणवलं नाही. तिनं पोरीच्या कानाशी वाकून, जुळतील तशा दोन ओळी म्हटल्या. त्यात नवऱ्या मुलाचं नाव होतं आणि त्याच्या मिशीची थोडी चेष्टा होती. पोर खुदकन हसली. हसता हसता हात सैल पडला आणि काकण मनगटात उतरलं. त्या दिवसापासून नूरबीला आपली युक्ती सापडली.

तिचा एकच नेम होता. एकीला दिलेला उखाणा दुसरीला द्यायचा नाही.

"उष्टं ताट कुणाम्होरं ठिवत न्हाईत," ती म्हणायची. "मग उष्टा उखाणा कसा द्यावा?"

इतकी वर्षं हा नेम तिनं पाळला. चंद्र झाला, चांदणं झालं, मोगरा झाला, चांदीचं ताट आणि सोन्याचा पाट झाला. तुळस झाली, ऊस झाला, उसातली वाट झाली. धरणावर हिवाळ्यात उतरणारे लांब पायांचे पक्षीही तिनं उखाण्यात बसवले. लग्नसराई आली की नूरबी दळणाला जाताना, चुलीपुढं, बसथांब्यावर ओठ हलवत असायची, आणि गावातल्या बायका एकमेकींना खुणावायच्या, "लागली बघ गिरणी."

मग भिमरावांच्या घरी दोन भावांची लग्नं एका मांडवात निघाली.

भिमराव म्हणजे फुगवट्याकाठचे केळीवाले बागायतदार. थोरला राजस, धाकटा सोमेश. थोरल्याची नवरी ओवी पाण्याच्या अलीकडच्या गावची, धाकट्याची उत्कर्षा पाण्याच्या पलीकडची. दोन्ही घरी चुडा भरायला नूरबीच गेली. सराई ऐन भरात होती, एकेका दिवशी तीन तीन घरं होत होती. ओवीच्या घरी तिनं विचारलं, "पावण्यांचं काय असतंय?" घरातल्या बाया म्हणाल्या, "केळीची बाग हाय, धरणाकाठाला." नूरबीनं डोळे मिटले आणि उखाणा दिला. थोड्या दिवसांनी उत्कर्षाच्या घरी तिनं तेच विचारलं. तिथंही तेच उत्तर आलं, कारण बाग एकच होती. नूरबीनं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा ओळी आल्या, आणि तिला वाटलं की या आत्ताच आल्या.

वरात घरी आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, नणंदांनी दार अडवलेलं. ओवी पुढं झाली आणि म्हणाली,

"केळीच्या बागेत वाऱ्याची गाणी,
राजसरावांच्या डोळ्यांत उजनीचं पाणी."

बायांनी वाहवा केली. ओवी माप ओलांडून आत गेली. मग उत्कर्षा आली. ती मागं गाडीपाशी होती, तिनं ओवीचं काही ऐकलं नव्हतं. तिनं मान खाली घालून, स्पष्ट आवाजात, एकही शब्द न चुकता म्हटलं,

"केळीच्या बागेत वाऱ्याची गाणी,
सोमेशरावांच्या डोळ्यांत..."

पुढचं तिला म्हणावंच लागलं नाही. दारातल्या सगळ्या बायांनी एका सुरात "उजनीचं पाणी" म्हणून टाकलं. हशाचा असा लोट उठला की बँडवाल्यानं हातातली काठी खाली ठेवली. कुणी म्हणालं, "दोघांच्याबी डोळ्यात पाणी, लगीन झालं म्हणून रडत्यात जणू." भावकीतला एक दीर म्हणाला, "ही पैली कापी, ही झेरॉक्स."

ते नाव चिकटलं. धाकटी सून झेरॉक्स वहिनी झाली, भावकीतल्या पोरांची झेरॉक्स काकू झाली. ओवीनं निळी साडी नेसली आणि योगायोगानं उत्कर्षाचीही निळी निघाली, की लगेच कुणीतरी हसायचं. ओवीनं आमटी केली आणि दुसऱ्या दिवशी उत्कर्षानं केली, तरी तेच.

लग्नानंतर पहिल्याच बाजाराला भिमरावांची बायको अंबुबाई नूरबीच्या दुकानापुढं येऊन उभी राहिली. काकणं घेतली नाहीत, बसली नाही.

"नूरबी, तुझ्याकडं काकणं डझनानं मिळत्यात हे ठावं हुतं," ती म्हणाली. "उखाणंबी डझनावारी मिळत्यात व्हय गं?"

नूरबी मांडलेली काकणं उगाच पुन्हा मांडू लागली.

त्यानंतरच्या सराईत तिनं चुडे भरले पण उखाणे दिले नाहीत. कुणी मागितलाच तर म्हणायची, "मोबाईलमदी लई असत्यात की. त्यातला घ्या एखादा." पोरी घ्यायच्याही. पण काकण अंगठ्याच्या हाडाशी अडकलं की आता नूरबीला साबण मागवावा लागायचा, आणि त्याचं तिला मनातून फार लागायचं.

उन्हाळा आला, धरणाचं पाणी मागं सरू लागलं, आणि अंबुबाईचा निरोप आला. धाकटीला सातवा लागला होता, डोहाळजेवण काढलं होतं. निरोप घेऊन आलेल्या गड्यानं तो पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला. "चुडा भराया या म्हणल्यात. आन् उखाणा आणा म्हणल्यात. न वापरलेला."

त्याच बाया, तेच दार, तीच सून. झेरॉक्स हे नाव त्या दिवशी पुसलं जाणार होतं नाहीतर जन्माला पुरणार होतं. नूरबीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती कामाला लागली. पहाटे काठावर जाऊन बसली. पाणी दूर गेलेलं, ओल्या काळ्या मातीत मोटारींचे पाइप अजगरासारखे पसरलेले. बगळे होते, पण बगळे होऊन गेले होते. सूर्य उगवला, पण तोही होऊन गेला होता. तिनं केळफुलाकडं पाहिलं, पारिजाताकडं पाहिलं, शेजारणीच्या नव्या पाळण्याकडं पाहिलं. जे दिसेल ते कुणाच्या तरी लग्नात म्हणून झालेलं. इतक्या वर्षांत आपण अख्खी दुनिया वापरून संपवली की काय, असं तिला वाटू लागलं. त्यातही तिला थोडा अभिमान वाटला, ही गोष्ट वेगळी.

"नूर, सालन जल रा," दारातून शेखलाल म्हणाला. शेखलाल तिचा नवरा. उजनीची मासळी टेम्पोतून बाजारात पोचवतो. घरात दोघं दखनी बोलतात.

"जलने दो," नूरबी म्हणाली.

शेखलालनं स्वतःच जाऊन कालवण उतरवलं आणि येऊन तिच्याशेजारी बसला. "चिलापी मच्छी पे बना ना. चिलापी पे आजतक किसीने नई बनाया."

"माळकऱ्यांका घर हय वो. उंबरे पे चिलापी का नाम लेको लडकी को मायके भगाते क्या?"

"फिर मेरे पे बना," शेखलाल म्हणाला. "मेरे पे बी किसीने नई बनाया."

नूरबीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा ओठ हलवायला लागली. शेखलाल उठून टेम्पो धुवायला गेला.

शेवटी तिनं सोलापूर गाठलं. तशी हिरव्या काकणांची खरेदी करायचीच होती. नव्या पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. कापडवाले, सराफ, रिक्षा, हातगाड्या आणि त्यातून वाट काढणारी माणसं. इतक्या माणसांत एखादी नवी ओळ कुठंतरी सांडलेली असेलच, अशा आशेनं नूरबी हळूहळू चालली. दुकानांच्या पाट्या वाचल्या, भाव करणाऱ्या बायांचं बोलणं ऐकलं. पिशवीत काही पडलं नाही.

काकणांच्या ठोक दुकानात काऊंटरवरची मुलगी मोबाईल बघत बसली होती. मोबाईलमधली एक नटलेली बाई उखाणे म्हणत होती. नूरबी काकणं निवडता निवडता थांबली. त्या बाईनं म्हटलेल्या दोन ओळी तिच्या होत्या. कितीतरी वर्षांपूर्वी तिनं त्या एका तलाठ्याच्या पोरीला दिल्या होत्या. कुठल्या कुठं फिरून, नटून थटून, त्या नव्या पेठेत तिला पुन्हा भेटल्या.

"ह्यो माझा हाय," नूरबी म्हणाली.

"काय, मावशी?"

"ह्यो उखाणा. म्या केलेला हाय."

मुलगी हसली. तिला खरं वाटलं नव्हतं, पण तिनं मान डोलावली. "छान आहे मावशी. माझ्या ताईनं पण हाच घेतला होता. नाव बदललं की कुणालाही बसतो."

नूरबी तो सौदा कसाबसा आटपून स्टँडवर आली. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. नाव बदललं की कुणालाही बसतो. मोहोळ गेलं, टेंभुर्णी जवळ आली, तरी ते वाक्य तिच्यासोबत शेजारच्या सीटवर बसून होतं. आपल्याला कौतुक मिळालं की शिवी, हे तिला ठरवता येईना. तिनं बेमापाचं काकण जन्मात कधी कुणाच्या हातात भरलं नव्हतं. उखाणा मात्र ती इतकी वर्षं बेमापाचा देत आली होती, आणि तो सगळ्यांना होतो याचाच तिला अभिमान होता.

पण चूक सापडली म्हणून ओळ सापडत नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी नूरबी टेम्पोतून उतरली ती रिकामीच.

मांडव दारापुढंच घातला होता. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, मधोमध फुलांनी मढवलेला झोपाळा. अंबुबाई दारातच होती.

"आणलास?"

"हाय की," नूरबी म्हणाली, आणि पेटी उचलून माजघरात गेली. खोटं बोलताना माणूस जरा भरभर चालतो, तशी ती चालली.

माजघरात उत्कर्षा एकटी बसली होती. चेहरा भरलेला, पायावर सूज. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "नूरबी मावशी, काकणं भरा. उखाणा नको."

"का गं पोरी?"

"मी नुसतं नाव घेणार. अमक्याचं नाव घेते, संपलं. त्यात तर कुणाची नक्कल होत न्हाय ना."

नूरबीनं उत्कर्षाचा हात मांडीवर घेतला आणि बोटं एकत्र दाबून पाहिली. बाळंतपण जवळ आलं की हात फुगतात हे धरून तिनं थोरलं माप आणलं होतं, तरी पहिलंच काकण अंगठ्याच्या हाडाशी अडकलं. उत्कर्षानं हात ताठ केला. नूरबी तळहात चोळू लागली. काहीतरी बोलत राहायला हवं होतं, म्हणून तिनं इकडं तिकडं पाहिलं. खुंटीवर एक पांढरा सदरा अडकवलेला होता. त्याची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी झाली होती.

"रंगपंचमी होऊन किती दीस झालं. ह्यो कुणावर रंग टाकला गं?"

उत्कर्षानं सदऱ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग तिच्या खांद्यांना हसू फुटलं.

"कुणाला सांगू नका मावशी."

"म्या कुणाला सांगतीय?" गावभर काकणं विकणारी नूरबी म्हणाली.

"परवा दुपारी मला गारेगार खावंसं वाटलं. मी आपलं सहज बोलले, तर हे तसेच मोटारसायकल काढून टेंभुर्णीला गेले. डोक्याला टोपी न्हाय, पाण्याची बाटली न्हाय. येताना गारेगार हातातच धरून आले, एका हातानं गाडी चालवत."

"पिशवीत न्हाय घेतलं?"

"पिशवीत घेतलं तर लवकर वितळंल म्हणाले. वाऱ्यानं गार ऱ्हाईल म्हणाले." उत्कर्षाला आता हसू आवरेना. "दारात आले तवा हातात नुसती काडी. हितनं तितपर्यंत सगळं गुलाबी. आन् काडी अशी पुढं धरून उभे, जणू परसादच आणलाय."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? घेतली."

काकण कधी उतरलं ते दोघींनाही कळलं नाही. नूरबीनं दुसरं चढवलं, तिसरं चढवलं. तिचे ओठ हलू लागले होते. हात काम करत होते आणि ओठ आपलं काम करत होते. शेवटी रिवाजाप्रमाणं दोन्ही हातांत एकेक काकण जास्तीचं घालून ती उत्कर्षाच्या कानाशी वाकली आणि दोन ओळी म्हणाली.

उत्कर्षानं त्या ऐकल्या. हसली नाही. खुंटीवरच्या सदऱ्याकडं बघत राहिली.

"हे असलं म्हणायचं असतंय व्हय, मावशी? उखाण्यात?"

"आजवर कुणी म्हणलं न्हाय," नूरबी म्हणाली. "म्हणून तर."

बाहेरून अंबुबाईची हाक आली. उत्कर्षानं नूरबीला वाकून नमस्कार केला आणि हिरवा चुडा किणकिणत मांडवात गेली. नूरबी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ओवाळून झालं, ओटी भरून झाली, झोपाळ्याला झोका देऊन झाला. मग बायांमधून नेहमीचा आवाज उठला, "नाव घ्या की, नाव घ्या." आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, "ओवी, तू आदी घे गं, म्हंजी तिला सोपं जाईल."

मांडव हसला. ओवी हसली नाही. तिनं पाण्याचा तांब्या घेतला आणि दुसरीकडं निघून गेली. उत्कर्षा झोपाळ्यावरून उठली नाही. तिनं दोर धरला, वर पाहिलं आणि म्हणाली,

"उन्हात मागितलं गारेगार, सोमेशरावांनी काढली गाडी,
वाटंवरच वितळलं सारं, हातात उरली काडी,"

इथपर्यंत नूरबीचं होतं. इथं संपायचं होतं. पण उत्कर्षा थांबली, तिनं एक श्वास घेतला, आणि नूरबीनं न दिलेली तिसरी ओळ म्हटली,

"काडीबी मी चाटून खाल्ली, अजून जिभंवर गोडी."

कुणालाच पुढचा शब्द आधी म्हणता आला नव्हता. मग हशा फुटला, पण तो उंबऱ्यावरचा हशा नव्हता. या वेळी बायांच्या माना उत्कर्षाकडून सोमेशकडं वळल्या. तो बिचारा मांडवाच्या कडेला सरबताचं पिंप हलवत होता. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, "मोटर बघून येतो" म्हणाला आणि केळीत शिरला. शेतीची वीज यायची वेळ नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जा जा," एक म्हातारी मागनं ओरडली, "येताना गारेगार आण."

त्या दिवसापासून भावकीतली पोरं उत्कर्षाला गारेगार काकू म्हणतात. तिला ते चालतं.

नूरबी चौकटीतच उभी होती. तिसरी ओळ तिच्या दोन ओळींपेक्षा सरस होती आणि ती तिची नव्हती. दुसऱ्या कुणी असं तिच्या उखाण्याला ठिगळ जोडलं असतं तर तिनं पेटी बंद करून घर गाठलं असतं. आज ती पुन्हा पुन्हा ती ओळ मनात म्हणत राहिली, स्वतःची असल्यासारखी.

जेवणं झाली तशा बाया माजघरात येऊ लागल्या. कुणाला चार काकणं, कुणाला सहा. पण काकणं नुसतं निमित्त होतं. पहिली ओवी आली.

"मावशी, माझा उखाणा आता जुना झाला. मलाबी असलाच पायजे."

"असला न्हाय मिळायचा. तुझा मिळंल. सांग, राजसनं काय केलं?"

ओवीनं बराच विचार केला. "त्यांनी काय सुदिक न्हाय केलं आजवर."

"मग तेच सांग. कसं कसं न्हाय केलं?"

बाया खिदळल्या. मग एकीचा नवरा झोपेत उसाचे भाव बोलायचा ते निघालं. एकीच्या नवऱ्यानं बायकोचा वाढदिवस म्हणून स्वतःलाच सदरा आणला होता. नूरबी एकेकीचा हात मांडीवर घेऊन ऐकत होती आणि तिला नवल वाटत होतं. इतकी वर्षं हे हात असेच तिच्या मांडीवर होते. ती मात्र त्यांच्या डोक्यावरून चांदण्याकडं बघत बसली होती.

ऊन कलल्यावर गर्दी पांगली. नूरबी पेटी आवरू लागली, तर अंबुबाई आत आली. दार तिनं अर्धं लोटलं आणि नूरबीपुढं मांडी घालून बसली. हात पुढं केला.

"भर."

नूरबीनं काकणं काढली. अंबुबाईचा हात कामानं खरबरीत झालेला, पण काकणं सरसर जात होती.

"एक सांगते," अंबुबाई म्हणाली. "पण मांडवात न्हाय म्हणायचं."

"न्हाय म्हणत."

"लगीन होऊन म्हैनाबी झाला नसंल. आमचं हे मला बैलबाजाराला घेऊन गेलं. मी नव्या लुगड्यात. एका लिंबाखाली मला बशिवलं, म्हणाले, हितंच ऱ्हा, बैल बघून येतो. मग बैल घेतला आन् गेले घरी."

नूरबीचा हात थांबला. "तुमास्नी सोडून?"

"बैल चांगला मिळाला म्हणून लई खुशीत हुते. दारात बैल बांधला, त्याला ववाळला, आन् तवा सासूबाईंनी इचारलं, भिमा, अंबू कुटं हाय."

अंबुबाईनं पदर तोंडाला लावला. हसताना तिचं सगळं अंग हलत होतं, आणि नुकती भरलेली काकणं वाजत होती. अंधार पडेपर्यंत ती त्या लिंबाखाली बसून होती. न्यायला आलेला भिमा धापा टाकत आला आणि काहीच न सुचून म्हणाला, बैल लई चांगला हाय, चल, दावतो.

नूरबी हसत नव्हती. तिचे ओठ हलत होते. तिनं अंबुबाईचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"अंबुबाई," ती म्हणाली, "त्यो बाजार घरापासनं किती मैल हुता?"